जप्त भोंगा

मी भोंगा बोलतोय. तुम्ही म्हणाल, भोंग्याचं कामच बोलायचं, त्यात नवल काय? पण आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले. स्वतःच्या मनातलं मी आज पहिल्यांदा सांगतोय, आणि तेही पोलीस ठाण्याच्या कुलूपबंद खोलीतून.

कारखान्यात आमची चाचणी घ्यायला एक मुलगी बसायची. प्रत्येक भोंग्यात ती "हॅलो, ऐकू येतंय का?" एवढंच विचारायची आणि उत्तराची वाट न बघता पुढचा उचलायची.

मला विकत घेतलं ते एका चेनवाल्याने. बॅगा, दप्तरं, जाकिटं यांच्या बिघडलेल्या चेन दुरुस्त करणारा माणूस. सायकलला मला बांधून तो गल्लोगल्ली हाका घालायचा. पुढे त्याचे गुडघे गेले, सायकल सुटली, आणि त्याच्या बायकोने बाजाररस्त्यावर पथारी टाकली. तिला सगळे मावशी म्हणत. तिचा हात नवऱ्याहून साफ. अडलेल्या चेनवर मेणाचा खडा फिरवायची, पक्कडीने रनर हलकेच दाबायची, की चेन लोण्यासारखी सरकायची. मी तिच्या शेजारी स्टुलावर.

त्या रस्त्यावर अधूनमधून पालिकेची गाडी यायची. परवाना नाही म्हणून सामान उचलायची. परवाना मागायला जावं तर खिडकीवरचा माणूस म्हणायचा, "सध्या देणं बंद आहे." मग सामान सोडवायला काहीतरी हातावर ठेवावं लागायचं. पावती कधीच मिळत नसे. लोक चहा पिताना सरकारच्या नावाने बोटं मोडायचे, कप खाली ठेवायचे आणि कामाला लागायचे. मावशी मात्र विचार करत बसायची.

"अहो," एकदा ती नवऱ्याला म्हणाली, "आपण भरतो ते कुणाच्या तरी खिशात जातं. तेच सरळ तिजोरीत घ्या, पावती द्या, परवाना द्या. आणि त्यातूनच बाजाराला नळ आणि छप्पर करा. सरकारला पैसा, आम्हाला जागा. यात कुणाचं काय बिघडतं?"

"ज्याच्या खिशात जातं त्याचं बिघडतं," तो म्हणाला. "आणि अर्थमंत्रीणबाई, चहात साखर टाकायची राहिली."

साखर टाकून ती दुसऱ्याच दिवशी पालिकेच्या साहेबांकडे गेली. आल्यावर मला पुसता पुसता सांगत होती, "साहेब म्हणाले, कल्पना चांगली आहे, वर कळवतो." वर म्हणजे कुठे, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. गाडी मात्र पुन्हा आली.

त्या दिवशी मावशी स्टुलावर चढली, मला तोंडाला लावलं आणि नवऱ्याला सांगितलेलं सगळं अख्ख्या बाजाराला सांगितलं. ना शिव्या, ना घोषणा. फळवाले थांबले, गिऱ्हाइकं थांबली. माझ्यातून इतकं नीट कुणी कधी बोललं नव्हतं. मला माझाच अभिमान वाटला. तेवढ्यात दोन पोलीस आले. विनापरवाना भोंगा वाजवला म्हणून तिच्यावर गुन्हा, आणि पुरावा म्हणून मी जप्त.

तेव्हापासून मी इथे फळीवर आहे. गळ्यात चिठ्ठी, अंगावर लाखेची मोहोर. शेजारी एक दिवा आहे, एक हातोडा आहे. त्यांची प्रकरणं माझ्याहून जुनी. मावशी विचारायला येते. हवालदार तसा भला माणूस. "मावशी, माझ्या हातात नाही हो," म्हणतो आणि तिला बसायला खुर्ची देतो. तारखा पडत राहतात.

एका सकाळी दार उघडलं. पालिकेच्या साहेबांचा भोंगा ऐनवेळी बिघडला होता.

"मुद्देमाल आहे साहेब, हलवता येत नाही," हवालदार म्हणाला.

"तासाभराचं तर काम आहे. लगेच परत देतो."

लाख फुटली. उजेड पाहून मी हरखून गेलो. पण गाडी थांबली ती बाजाररस्त्यावरच. साहेबांनी मला तोंडाला लावलं. "जागा ताबडतोब खाली करा, नाहीतर सामान जप्त होईल." माझ्याच घशातून, माझ्याच आवाजात. मी गप्प बसायचा फार प्रयत्न केला. भोंग्याला गप्प बसता येत नाही.

मावशी हातातली पक्कड ठेवून उठली. माझ्या गळ्यातली चिठ्ठी तिने वाचली.

"साहेब, हा माझा भोंगा. हा वाजवला म्हणून माझ्यावर खटला आहे. तुमचा परवाना बघू."

कुणीतरी हसलं, मग सगळा बाजार हसला. साहेबांनी मला खाली घेतलं. त्या दिवशी गाडी रिकामी परत गेली.

संध्याकाळी तिला ठाण्यात बोलावलं. पालिकेचे साहेबही तिथे होते, अगदी मऊ झालेले. "मावशी, भोंगा घेऊन जा. तुमचा गुन्हाही मिटवू. फक्त आजचं कुठे बोलू नका."

मी टेबलावर होतो, तिच्या हाताजवळ. तिने माझ्या कडेवरून बोट फिरवलं. घेऊन चल, घेऊन चल, मी मनात म्हणत होतो.

"नको," ती म्हणाली. "मी तक्रार देणार आहे. पुरावा बाहेर काढून वापरलात, ते कोर्टात येऊ दे. मग तिथेच विचारीन, परवाने बंद का आहेत ते."

"मग भोंगा सुटणार नाही."

"मला ठाऊक आहे."

ती गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? आता मी दोन खटल्यांचा पुरावा आहे. लाख दुप्पट, कुलूप नवं, आणि हवालदाराचीही चौकशी चालू आहे.

पण परवा तोच नव्या माणसाला सांगत होता, मावशी अजून स्टुलावर उभी राहून बोलते म्हणे, नुसत्या तोंडाने. आवाज फार लांब जात नाही, ऐकायचं तर जवळ जावं लागतं. मला तर इथून हलता येत नाही. तुम्हाला येतं. तेवढं जवळ जा.