नाव नसलेली बटणं

सुधाकरननं 'हो' दाबलं, बाकी काही केलं नाही. सकाळी येऊन कॉम्प्युटर लावला, स्क्रीनवर चौकट आली, रेडिओ चालवायच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घ्यायची का म्हणून. त्यानं 'हो' दाबलं आणि खाली चहा प्यायला गेला. नंतर मी विचारलं, कशाला दाबलंस रे? म्हणाला, "ते निळं चमकत होतं."

विलासिनी टीचरचा कार्यक्रम त्या निळ्यात बुडाला.

कल्लायीत एका बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीच्या माडीवर आमचं कडवू रेडिओ स्टेशन आहे. इंटरनेटवरचं. मालक सुधाकरन. शारजात वीस वर्षं काढून आलेला, गाण्याचा शौकीन, माणूस वाईट नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण वाईट माणसानं केलं असतं तर मला शिव्या द्यायला सोपं गेलं असतं. टीचर स्वतः आंधळ्या, अंधशाळेत गाणं शिकवायच्या. मी त्यांचाच विद्यार्थी, उमरकोया. जन्मापासून आंधळा. कॉम्प्युटरचं जे काही येतं ते कुणी शिकवलं नाही, धडपडून आलं. निवृत्त झाल्यावर टीचर कडवूवर आल्या आणि रोज संध्याकाळचा कार्यक्रम एकट्या चालवू लागल्या. गाणं लावणं, माइक उघडणं, फोन घेणं, सोनाराची जाहिरात वेळेवर सोडणं, सगळं त्याच करायच्या. खोलीत दुसरं माणूस नको असायचं त्यांना. म्हणायच्या, "उमर, आयुष्यभर कुणीतरी माझं कोपर धरून मला कुठेतरी नेलंय. इथं मी लोकांना नेते."

हे जमायचं ते वायाडीमुळे. वायाडी म्हणजे बडबड्या. स्क्रीनवर जे लिहिलेलं असतं ते वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला आम्ही ठेवलेलं नाव. टीचरच्या डाव्या कानात वायाडी, उजव्या कानात गाणं. आणि वायाडीचा वेग असा ठेवायचा की डोळस माणसाला चिमण्यांची कलकल वाटावी. आम्हाला त्यातला शब्द न् शब्द कळतो. सवय. तुम्ही पाटी बघता तेवढ्या वेळात आम्ही पान ऐकतो.

नव्या आवृत्तीत कंपनीनं सगळी बटणं चित्रांची केली. दिसायला फार सुंदर, असं ऐकलं. पण चित्राला नाव दिलं नाही, आणि नाव नसलं की वायाडी काय वाचणार? टीचर खुर्चीत बसल्या, हेडफोन लावला, आणि त्यांना ऐकू आलं: बटण. बटण. बटण. बटण. माइकचं कुठलं, गाण्याचं कुठलं, सगळं बंद करायचं कुठलं, पत्ता नाही.

"हे म्हणजे वर्गातल्या सगळ्या पोरांचं नाव 'पोर' ठेवल्यासारखं झालं," टीचर म्हणाल्या. हसल्या. तेव्हा हसत होत्या.

जुनी आवृत्ती परत टाकून पाहिली, तर ती आता कंपनीच्या यंत्राला जोडलीच जाईना. मग मी कंपनीला लिहिलं. कंपनी सातासमुद्रापार. उत्तर फार गोड आलं. तुमची अडचण आम्हाला महत्त्वाची वाटते. कृपया स्क्रीनचा फोटो काढून, जिथे अडचण आहे तिथे लाल गोल करून पाठवा.

मी शेजारच्या जमीलात्ताला बोलावलं. तिनं फोटो काढला आणि विचारलं, "गोल कुठे करू?"

"सगळीकडे कर," म्हटलं.

त्यावर कंपनीनं कळवलं की ही नवी मागणी धरली जाईल, मागण्यांच्या पानावर टाका, लोकांची मतं पडली की विचार करू. टाकली. आमच्या लोकांना कळवलं. तर त्या पानावर मत द्यायचं बटणही चित्राचंच. आंधळ्यांच्या मागणीला मत देण्यासाठी डोळे हवेत! मी कंपनीला हेही लिहिलं. तीन ओळींत. त्यातली एक इथे लिहिण्यासारखी नाही. तिकडून पुन्हा तेच: तुमची अडचण आम्हाला महत्त्वाची वाटते. स्क्रीनच्या काळ्या रंगाची मागणी मात्र हजारो मतांनी वर गेली, आणि रंग आलाही.

इकडे कार्यक्रम बंद. जुनी रेकॉर्ड केलेली गाणी फिरत होती. सोनार सुधाकरनला फोन करून म्हणत होता, माझी जाहिरात कुणाला ऐकवताय, भिंतींना? सुधाकरननं शिजीला आणलं. शिजी डोळस, आधी लग्नाचे व्हिडिओ जोडायची, हात चलाख. ती काचेपलीकडे बसून दिवसाची गाणी सोडू लागली.

"टीचर, शिजी बटणं दाबेल, तुम्ही नुसतं बोला," सुधाकरन म्हणाला. "राणीसारखं. काय वाईट आहे?"

"राणीला विचारून बघ," टीचर म्हणाल्या. "सुधाकरा, मला कधी बोलायचं ते कोण सांगणार?"

"शिजी खांद्यावर हात ठेवेल ना."

जिन्यात टीचर माझा हात धरून म्हणाल्या, "खांद्यावर हात ठेवल्यावर बोलायचं, हे मी जत्रेत पाहिलंय, उमर. म्हणजे ऐकलंय. अस्वलाकडून." मग थांबून: "तू काही कर. ओणमच्या आत कर. ओणमला मी एकटी बसले नाही तर परत कधीच बसणार नाही. मला ठाऊक आहे यांचं. तात्पुरतं म्हणून जे येतं ते उठत नाही."

मग मी वायाडीला शिकवायला बसलो. कंपनी नावं देत नाही तर मी देतो. पद्धत एकच होती आणि तीच आमची जुनी पद्धत: अनोळखी बटण दाबायचं आणि कान देऊन बसायचं. काय वाजतं, काय थांबतं, काय खटकतं. हे दाबलं, गाणं सुरू झालं. त्या जागेला नाव: गाणं. हे दाबलं, माझ्या श्वासाचा आवाज उजव्या कानात आला. नाव: माइक. हे दाबलं, सगळं मेलं. त्याचं नाव मोठ्या अक्षरांत. काही बटणं दाबून काहीच व्हायचं नाही. तसल्यांना 'काही नाही' असं नाव देऊन पुढे जायचो. ऐकू आलं नाही म्हणजे झालं नाही, असंच धरावं लागतं. दुसरं आम्ही काय धरणार?

शेवटी निरोपांची चौकट. स्टेशनातली माणसं एकमेकांना तिच्यात लिहितात, आणि श्रोत्यांच्या फर्माइशीही तिथेच पडतात. नवी आवृत्ती आल्यापासून ती वायाडीसाठी मुकीच होती. मी तिला वाचा दिली. नवा निरोप आला की वायाडी लगेच वाचणार.

सुधाकरनला मी हे सगळं सांगितलं. पण तो मोबाइलवर होता, "शाब्बास, शाब्बास" म्हणाला. चौकटीचं त्यानं ऐकलंच नाही.

ओणमच्या आदल्या संध्याकाळी टीचर एकट्या बसल्या. मी घरी होतो, सुलेमानी चहा घेऊन, फोन कानाला. टीचरनी माइक उघडला आणि म्हणाल्या, "मी आले हो. कुठे गेले होते विचारू नका, बटणांच्या गावाला गेले होते." काय आवाज होता! मी पाय पोटाशी घेऊन लहान पोरासारखा ऐकत बसलो. पहिलं गाणं. फोन. दुसरं गाणं, वल्लमकळीचं, होड्यांच्या शर्यतीचं.

त्या गाण्याखाली मला वायाडी ऐकू आला.

आधी वाटलं, माझाच फोन बोलतोय. नाही. प्रसारणात होता. टीचरच्या डाव्या कानात असायला हवा तो सगळ्या जगाच्या कानात होता. मग मला कळलं. 'काही नाही' म्हणून मी सोडलेल्या बटणांपैकी एक कॉम्प्युटरचा सगळा आवाज बाहेर सोडायचं होतं. मी ते दाबलं होतं. ते हिरवं झालं असणार. हिरवं व्हायला आवाज येत नाही.

मी टीचरच्या मोबाइलवर फोन लावला. कार्यक्रमात त्या स्वतःचा मोबाइल उचलत नाहीत. सुधाकरनला लावला, लागेना. आणि तेवढ्यात वायाडीनं निरोप वाचला. सुधाकरननं आपल्या खोलीतून शिजीला लिहिला होता. टीचरसमोरच्याच चौकटीत, उघड्यावर, कारण टीचरना ती वाचता येत नाही हे त्याला इतके दिवस माहीत होतं.

"शिजी, सोमवारपासून तूच. टीचरना आत्ता बोलू नकोस. ओणम होऊ दे, लोक भावुक होतील. मग पोन्नाड्याची शाल पांघरवून सत्कार करू आणि मोकळे होऊ. रोज कोण हे टेन्शन घेणार."

डोळस श्रोत्यांना होड्यांच्या गाण्यात चिमण्या ऐकू आल्या असतील. आमच्या प्रत्येकाला शब्द न् शब्द कळला. कासरगोडपासून शारजापर्यंत. आणि टीचरना.

गाणं संपलं. टीचरनी माइक उघडला, आणि त्या नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "छान गाणं. होडी ज्याची त्यानंच वल्हवलेली बरी, नाही का? चला, फोन घेऊ." त्यांना वाटत होतं हे त्यांच्या एकटीच्या कानात झालं.

फोनवर वडकऱ्याचा अबूबक्कर. शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायचा. त्याला गाणं मागायचं भान नव्हतं.

"टीचर, सोमवारपासून खरंच का?"

"तुला कुणी सांगितलं, अबू?"

"वायाडीनं. सगळ्यांनी ऐकलं, टीचर. इथे माझी बायको रडतेय. त्या सुधाकरनला सांगा, त्याचा पोन्नाडा त्यानं स्वतः..."

टीचरनी फोन कापला. गाणं लावलं. बरोबर बटण दाबून, माझ्या दिलेल्या नावाचं.

मी रिक्षा करून पोचलो तेव्हा माडीवर आवाज चढले होते.

"तुम्हाला वाचता आलं कसं?" सुधाकरन विचारत होता. पुन्हा पुन्हा तेच. त्याला लाज नव्हती वाटत, फसवलं गेल्यासारखं वाटत होतं.

"माझ्यासमोर लिहिलंस, म्हणून वाचलं," टीचर म्हणाल्या.

"पण तुम्हाला तर..."

"बोल ना. काय तर?"

मी म्हणालो, "सुधाकरेट्टा, मी सांगितलं होतं तुला, चौकट आता बोलते म्हणून. आणि आवाज बाहेर गेला ही माझी चूक, टीचरची नाही. एक बटण राहिलं. त्याला नाव नाही. नाव असतं तर..."

"तेच म्हणतोय मी!" तो ओरडला. "आज हे गेलं बाहेर. उद्या सोनाराच्या व्यवहाराचं जाईल. परवा कुणाच्या घरातलं. तुम्हाला कळणारच नाही चालू आहे की बंद. शिजीनं एका नजरेत पाहिलं, म्हणाली ते हिरवं आहे. एका नजरेत! आता सांग, मी चुकीचं लिहिलं होतं का?"

यावर मला उत्तर सुचायला हवं होतं. अजून सुचतं आहे, रोज सुचतं, दाढी करताना, बस थांब्यावर. कंपनीनं एक शब्द लिहायला हवा होता त्या बटणामागे, एकच शब्द, कुणाचं काय गेलं असतं? ते कंपनीनं लिहिलं नाही, आणि शाबीत झालं की आंधळ्या बाईला रेडिओ जमत नाही. शिजी हळूच म्हणाली, "मी टीचरना सांगत जाईन की, हिरवं आहे का ते." कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

आमच्या लोकांनी दोन दिवस गोंधळ घातला. सुधाकरनला शिव्यांचे निरोप, ऐकणं बंद करण्याच्या शपथा. मग ओणमचं जेवण झालं, पायसम झालं, आणि सगळे परत ऐकू लागले. मीही. दुसरं ऐकायला आहे काय आम्हाला?

टीचरनी पोन्नाडा नाकारला. पण त्या येत राहिल्या. मला वाटलं होतं, त्या थाडकन दार लावून जातील. त्या म्हणाल्या, "घरी बसून काय करू? भावजय टीव्ही लावते." आता शिजी बटणं दाबते आणि खांद्यावर हात ठेवते. टीचर बोलतात. ऐकताना मला कळतं, बोलण्याआधी त्या किंचित दचकतात. पूर्वी त्या गाण्याच्या शेवटच्या सुरातच आपला शब्द मिसळायच्या. आता मधे एक फट असते, हात ठेवण्याएवढी.

कंपनीचं पत्र आलं. पुरेशी मतं न पडल्यानं तुमची मागणी बंद करत आहोत. आमची सेवा कशी वाटली, एक ते पाच तारे द्या. तारे चित्राचे होते.

मग एक दिवस सुधाकरनचा फोन. वायाडी अजून त्या कॉम्प्युटरवर होता, शिजीच्या कामात मधेमधे बोलायचा. "काढून टाक बाबा. शिजी काढेल, पण टीचर म्हणतात तूच ये."

गेलो. टीचर शेजारी बसल्या होत्या.

"परक्यानं काढलेलं मला नको होतं," म्हणाल्या.

"टीचर, राहू दे ना. मी पुन्हा प्रयत्न करतो. एकेक बटण..."

"आणि पुढची आवृत्ती आली की? हा परत 'हो' दाबणार. तू परत बसणार." त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, शाळेत थोपटायच्या तसं. "पुरे झालं, मोने, बाळा. मी दमले."

मी काढायला घेतलं. वायाडीनं आपलीच चौकट वाचली: हा प्रोग्राम काढून टाकायचा आहे, खात्री आहे का? हो, बटण. नाही, बटण. या दोघांना मात्र नावं होती. मी हो दाबलं. तो बोलत राहिला, काढत आहे, काढत आहे, आणि शब्दाच्या मधेच थांबला.

पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी केळी विकत होतं.

"झालं?" टीचरनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. सांगणारा तोच होता.

"शिजी," मी म्हणालो, "जरा येऊन बघतेस का?"