‘कडूकारलं’ यांची प्रतिक्रिया

लोकांची भांडणं वाचायचा मला पगार मिळतो. खरंच सांगते. बातम्यांच्या एका वेबसाइटवर मी काम करते, आणि तंत्रज्ञानाच्या बातम्यांखाली वाचक जे काही लिहितात ते आधी माझ्याकडे येतं. मी वाचायचं, आईबहिणीवर गेलेलं उडवायचं, बाकीच्यावर ‘प्रसिद्ध करा’ दाबायचं. माझा स्वतःचा राग कायम नाकावर, त्यामुळे नवरा म्हणतो की या कामाला तुझ्याइतकं लायक माणूस त्यांना दुसरं मिळालंच नसतं. तो औषधांच्या कंपनीत फिरतीवर असतो, महिन्यातले निम्मे दिवस घराबाहेर. तिकडून फोनवर असली वाक्यं टाकायला त्याचं काय जातं?

तर या भांडखोरांमध्ये एक ‘कडूकारलं’ होता. खरं नाव तिथे कुणीच लावत नाही, पण याने स्वतःला शोभेलसं घेतलं होतं. तुपात तळा, साखरेत घोळा, हा कडूच. मात्र शिवी एक नाही. दूध संपलं की मोबाईलवर कळवणारा फ्रिज निघालाय, अशी बातमी होती. खाली याने लिहिलं, ‘आमच्याकडे दूध संपलं की सून सांगते. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगते. तिला वायफाय लागत नाही.’ लोकांची माहिती परस्पर विकली म्हणून एका बड्या कंपनीला दंड झाला, तेव्हा म्हणाला, ‘एवढा दंड म्हणजे त्यांचा दुपारचा चहा. याला शिक्षा म्हणत नाहीत, पावती म्हणतात.’ मग सरकारने चौकशी समिती नेमली आणि तिच्यावर त्याच कंपनीतला जुना अधिकारी घेतला. ‘चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या,’ याने लिहिलं. ‘काळजी नको. किल्ल्या हरवल्या तरी त्याचं अडणार नाही.’

मी एकटीच स्क्रीनकडे बघून हसायचे. सकाळी कामाला बसलं की आधी त्याचं काही आलंय का ते शोधायचे, मग बाकीच्यांच्या शिव्यांना हात घालायचे. वाटायचं, असलं माणूस घरात असतं तर जेवताना काय बहार आली असती.

घरात होते सासरे. लिफ्ट दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला, आता निवृत्त. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या आणि बाबांनी बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं. भाजी वाढू? हं. गोळी घेतलीत? हं. दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून मोबाईल नाकाशी धरून बसायचे. मला वाटायचं पत्त्यांचा खेळ खेळतात. क्वचित कधी ‘आज काय झालं माहितीये का’ असं काहीतरी सुरू करायचे, पण तेव्हा नेमका कुकर लावायचा असायचा, नाहीतर मशीनमधले कपडे वाळत घालायचे असायचे.

सासूबाई असताना हे घर असं नव्हतं. त्यांना म्हणींची भारी हौस, आणि म्हण एक धड येत नव्हती. ‘नाचता येईना, अंगण निसरडं’ ही त्यांची लाडकी. बाबा दर वेळी सांगायचे, ‘अगं, वाकडं. अंगण वाकडं!’ त्या म्हणायच्या, ‘वाकड्या अंगणात नाचायला काय होतंय? निसरडं असलं की पडतं माणूस. तुमची म्हणच चुकलीय.’ मग जुंपायची. बाबांनी कधी माघार घेतली नाही. हॉस्पिटलातल्या शेवटच्या दिवसांतही ते त्यांच्या उशाशी बसून ‘वाकडं’ म्हणत होते आणि त्या नळ्या लावलेल्या तोंडाने हसत होत्या.

आता आमच्या वेबसाइटचं सांगते. ती एका अवाढव्य कंपनीच्या मालकीची आहे, आणि या कंपनीने एकट्या म्हाताऱ्या माणसांशी गप्पा मारणारा एक डबा बाजारात आणला. टेबलावर ठेवायचा, तो बोलतो. बातमी अर्थातच आमच्याकडे सगळ्यात वर झळकली. खाली कडूकारलं हजर.

‘म्हाताऱ्यांशी गप्पा मारणारा डबा आलाय. गप्पा ऐकणार आणि कुणाचे गुडघे दुखतात ते तेलवाल्याला विकणार. आधीचा डबा खपला नाही, तर कंपनी म्हणते सरकारचे नियम कडक होते. नाचता येईना, अंगण निसरडं. आता सरकार अंगण पुसून देईल, पुढच्या निवडणुकीला कंपनी सरकारला नाचवेल. माझी तक्रार वेगळी आहे. डब्याला राग येत नाही. ज्याला राग येत नाही त्याच्याशी काय बोलायचं?’

मी ‘निसरडं’वर थांबले. पुन्हा वाचलं. ही म्हण अशी म्हणणारं जगात एकच माणूस होतं, आणि ते गेलं. आणखी कुणाला ती येत असलीच, तर जन्मभर ती दुरुस्त करत बसलेल्या माणसाला. मग फ्रिज आठवला, आणि गल्लीला ऐकू जाईल असं सांगणारी ती सून. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन हुंदके देऊन रडले, तोंड धुतलं आणि परत येऊन ‘प्रसिद्ध करा’ दाबलं.

घरी गेल्यावर काही बोलले नाही. बोलले असते तर ते लाजले असते, चोरी पकडल्यासारखे, आणि लिहिणंच बंद केलं असतं. मग त्यांना मन मोकळं करायला जागा कुठे उरली असती? मी नुसती त्यांच्याकडे बघत जेवले. त्यांनी दोनदा ‘हं’ केलं. हाच माणूस दिवसभर कंपन्यांना आणि सरकारला फाडून खातो, हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, असं मी समजत होते.

ती प्रतिक्रिया भलतीच गाजली. लोकांनी ती इकडून तिकडे पाठवली, आणि एक-दोन दिवसांत साहेबांनी मला आत बोलावलं. त्यांना आम्ही पाठीमागे ‘मधाची बाटली’ म्हणतो. या माणसाने कधी आवाज चढवलेला कुणी ऐकला नाही.

‘हे कडूकारलं बंद करू या,’ साहेब म्हणाले.

‘का? शिवी नाही, खोटं नाही.’

‘अगं, नवा नियम आलाय ना. ओळख पटल्याशिवाय कुणाला लिहू द्यायचं नाही. सरकारचंच म्हणणं आहे, आपण काय करणार?’

नियम मी वाचला होता. बड्या कंपन्यांना चाप लावायचा म्हणून तो गाजावाजा करून आणला होता. ओळखीचं कलम खोट्या जाहिराती करणाऱ्यांसाठी होतं.

‘मग बाकीचे हजारो बिननावाचे?’ मी विचारलं.

‘त्यांचंही होईल. हळूहळू.’

‘आणि याचंच आज?’

‘वरून आलंय,’ ते म्हणाले, आणि बोटाने छत दाखवलं.

म्हणजे कंपनीला बांधायला आणलेला दोर कंपनीनेच उचलला आणि आमच्या म्हाताऱ्याच्या गळ्यात टाकला. कुंपणच शेत खातं म्हणतात, ते मी त्या केबिनमध्ये उभ्याने बघितलं.

‘सर,’ मी शक्य तितक्या शांतपणे म्हणाले, ‘एखाद्या माणसाला अख्ख्या दिवसात बोलायला एवढीच जागा असेल तर?’

‘तर त्याने आपला डबा घ्यावा,’ साहेब म्हणाले, आणि स्वतःच्या विनोदावर हसले.

त्यापुढे मी जे बोलले ते वाचकांपैकी कुणी लिहिलं असतं तर मीच उडवलं असतं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवरून खातं बंद केलं. माझ्याबद्दल सोमवारी बोलू म्हणाले.

नोकरीचं मला घरी जाताना सुचलंही नाही. डोळ्यांसमोर एकच, की गॅलरीत बसून बाबा काहीतरी लिहितायत, पाठवतायत, आणि ते जात नाहीये. पुन्हा करून बघतायत, आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून. विचारणार कुणाला? मला विचारलं तर आपलं बिंग फुटेल या भीतीने गप्प बसतील, आणि उद्यापासून तो ‘हं’सुद्धा जाईल. काय बोलून सावरावं ते मला जिना चढेपर्यंत सुचलं नव्हतं.

बाबा गॅलरीत नव्हते. जेवणाच्या टेबलाशी बसले होते, मोबाईल पालथा ठेवून.

‘चहा टाकू ना, बाबा?’

‘बंद केलं ना ते?’

मी एक चप्पल काढली होती, दुसरी पायातच राहिली. ‘काय बंद केलं?’

‘कारलं.’ ते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. ‘तू केलंस की त्यांनी?’

‘त्यांनी. मी नाही म्हणाले, खूप बोलले मी त्यांना...’

‘वाटलंच. तुझ्या हातून नसतं झालं.’

‘तुम्हाला माहीत होतं? मी वाचते म्हणून?’

‘म्हणजे काय! नोकरी लागली तेव्हा तूच नाही का सांगितलंस, त्या बातम्यांखालचं सगळं पहिलं तुझ्याकडे येतं म्हणून? तुझ्या सासूने तर दारोदार सांगितलं होतं.’ ते थोडंसं हसले. ‘नाहीतर मला गं काय करायचंय त्या फ्रिजचं? कंपन्या काय, सरकार काय, माझ्या लिहिण्याने कुणाचं बोट तरी हलणार होतं का? तुझं हलायचं. लिहिलं की थोड्या वेळात दिसायचं तिथे. कळायचं, पोरीने वाचलं.’

मला भडभडून आलं. आणि माझं असं आहे की भडभडून आलं की ते रागाच्याच दाराने बाहेर पडतं. ‘अहो, मग रोज समोर असते मी,’ मी जवळजवळ ओरडलेच. ‘तोंडाने बोलायला काय झालं होतं?’

बाबांना राग आला नाही. त्यांनी मान खाली घातली आणि टेबलाकडे बघतच म्हणाले, ‘तोंडाने बोललं की तू “हो बाबा” म्हणतेस आणि उठतेस. तुझी चूक नाही, दमलेली असतेस. तिथे कसं, शेवटपर्यंत वाचावं लागायचं तुला. पगारच त्याचा.’

पायातली दुसरी चप्पल तशीच ठेवून मी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली आणि बसले.

‘बोला,’ म्हटलं.

मी आता उठते की मग उठते, असं ते माझ्याकडे बघत राहिले. मी उठले नाही.