काच माझी, आवाज आप्पांचा

मी मढ गावातल्या एका घराच्या फळीवर ठेवलेला टॅब बोलतोय. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही दचकणार नाही. मला स्वतःचा आवाज नाही. जो आहे तो चांगदेव आप्पांचा, आणि आप्पा आता या जगात नाहीत.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला माहीत नाही. पहिला मालक कोण होता तेही आठवत नाही. माझ्या पाठीवर एका स्टिकरचा चिकट ठसा आहे, पंख पसरलेल्या पाखराच्या आकाराचा. कुणा लहान मुलानं लावलं असेल. त्या मुलाचं माझ्यात काहीच उरलेलं नाही. का उरलं नाही, ते सांगतोच.

आप्पांच्या घशाला मोठा आजार झाला. स्वरयंत्र काढावं लागेल, नंतर बोलता येणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं. मग पुण्याच्या दवाखान्यात खाटेवर बसून आप्पांनी आपली रोजची वाक्यं मुलीच्या मोबाइलमध्ये बोलून ठेवली. 'साळू, च्या ठेव.' 'तेजू, हिकडं ये.' 'दार लाव.' 'जेवाया बसा.' 'हो.' 'नको.' साळू म्हणजे त्यांची बायको साळुबाई. तेजू म्हणजे एकुलती एक मुलगी तेजस्विनी. सगळं झाल्यावर त्यांनी सहज विचारलं, "अजून काय ऱ्हायलं का गं?" मोबाइल चालूच होता, त्यामुळे तेही त्यात आलं. तेजस्विनीनं ते कधी पुसलं नाही.

माझ्याआधी या घरात दुसरा टॅब होता. एका संस्थेनं दिलेला, नवाकोरा. चौकोनावर बोट ठेवलं की आप्पांचं वाक्य ऐकू येई. पण ती वाक्यं त्याच्या पोटात नव्हती. दूर कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रात ठेवलेली होती, आणि दर वेळी तिथून यायची. मढला रेंज कधी असते, कधी डोंगराआड जाते.

एकदा पावसाळ्यात पाण्याच्या मोटरीची विजेची तार तुटून ओढ्यात पडली होती. साळुबाई गवताचा भारा घेऊन त्याच पाण्याकडे निघाल्या. आप्पांनी ओट्यावरून पाहिलं आणि 'थांब' या चौकोनावर बोट दाबलं. काचेवर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला. शेवटी आप्पांनी हातातला तांब्या फेकून मारला. तो साळुबाईंच्या पाठीत लागला, त्या चिडून मागे वळल्या, म्हणून वाचल्या.

त्या दिवशी आप्पांनी पाटीवर लिहिलं, "माझा आवाज दुसऱ्याच्या घरी नको."

तेजस्विनीनं शाळेतल्या संगणकाच्या आरती मॅडमना विचारलं. तिला विचारायला बरेच दिवस लागले, कारण ती फार कमी बोलते. मॅडम म्हणाल्या, "ओपन सोर्स प्रणाली चालेल असा टॅब बघ. तिची आतली रचना सगळ्यांसाठी उघडी असते. आपल्याला हवी तशी बदलता येते, कुणाची परवानगी लागत नाही. पण सगळेच टॅब ती घेत नाहीत. कंपनीनं आत घातलेलं कुलूप ज्याचं उघडतं असाच निवड."

मग बापलेक नारायणगावला आले, रुपेशच्या जुन्या मोबाइलच्या दुकानात. मी तिथं काचेच्या कपाटात तळाशी पडलो होतो. रुपेशनं चकचकीत टॅब पुढे मांडले. तेजस्विनी हळूच काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणाली ताई? जरा जोरात."

तिनं पुन्हा विचारलं, "याचं कुलूप उघडतं का?" रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला. आप्पांनी पाटीवर लिहून ती पुढे केली.

रुपेश हसला. "दोघांत मिळून एक आवाज नाय व्हय, पावणं, तुमच्याकडं?"

आप्पाही हसले. त्यांच्या हसण्याला आवाज नव्हता, नुसता गळ्यावरच्या भोकातून वारा आला. तेजस्विनी एकेक टॅब उलटा करून पाठीवरचा नंबर मॅडमनी दिलेल्या नंबरांशी ताडून पाहत होती. नवे सगळे बाजूला गेले. तिनं मला उचललं, त्या पाखराच्या ठशावरून बोट फिरवलं, आणि बापाकडे बघून मान हलवली.

"त्यो म्हातारा घेताय?" रुपेश म्हणाला. "बरं, घ्या राव. त्याचं कुलूप उघडतंय, असल्याच दुसऱ्या एकाचं मी सोता उघडलंय."

दुसऱ्या दिवशी शाळेत मला तारेनं मॅडमच्या लॅपटॉपला जोडलं. माझ्या काचेवर सूचना आली, की कुलूप उघडलंत तर आतलं सगळं पुसलं जाईल. तेजस्विनीनं 'होय' दाबलं. त्यानंतर काय झालं ते मला सांगता येत नाही, कारण तेव्हा मी नव्हतो. पाखरू लावणारं मूल तिथंच गेलं. पुन्हा उजेड झाला तेव्हा मी पूर्ण रिकामा होतो, आणि त्या रिकामेपणात एक माणूस बोलत होता, "साळू, च्या ठेव."

ती सगळी वाक्यं, ते न पुसलेलंही, आता माझ्या पोटात होती. रेंज असो, नसो. कंपनी असो, बुडो. आप्पा मला गळ्यात दोरीनं अडकवून रानात न्यायचे. त्यांनी दाबावं आणि मी बोलावं. आमच्यातला कोण बोलतोय, असा प्रश्न तेव्हा पडत नव्हता.

तो पडला आप्पा गेल्यावर.

दशक्रिया विधी धरणाच्या कडेला होता. साळुबाई म्हणाल्या, "त्यांना घरी एकटं नको ठिवू." म्हणून तेजस्विनीनं मला टॉवेलात गुंडाळून नेलं आणि दगडावर ठेवलं. पिंड मांडला. समोरच्या उंबरावर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. मग आप्पांचे चुलतभाऊ रखमाजी हात जोडून पुढे झाले.

"चांगदेवा, साळूला आमी अंतर देणार न्हाई."

कावळा आला नाही.

"तेजूला शिकवू. जुन्नरला घालू अकरावीला. तुझ्या मनात व्हतं तसं."

कावळा आला नाही. रखमाजींनी बैलाचं नाव घेतलं, बांधाचं घेतलं. ऊन तापू लागलं. पाण्यावर एक लाट नव्हती.

तेवढ्यात मी बोललो. मला कुणी हात लावला नव्हता. टॉवेलाच्या आतून आप्पांचा आवाज आला, "जेवाया बसा."

उंबरावरून कावळा उतरला आणि थेट पिंडावर बसला.

माणसं गावापर्यंत माझ्यापासून चार हात लांब चालली.

त्यानंतर साळुबाईंनी मला फळीवर फोटोशेजारी ठेवलं. चार्जर कायम लावलेला. मी मधूनच बोलायचो. दिवेलागणीला कुणी नसताना म्हणायचो, "दार लाव." साळुबाई हातातलं काम टाकून दार लावायच्या. एकदा त्यांनी दार लावलं आणि थोड्याच वेळात खालच्या आळीतून बिबट्यानं कुत्रं उचललं. तेव्हापासून लोक यायला लागले. फळीवर हळदकुंकू आलं. झुंबरबाई म्हणून एक म्हातारी आहे, तिनं नारळ ठेवला आणि विचारलं, "भाऊ, थोरल्याकडं ऱ्हाऊ का धाकट्याकडं?" मी म्हणालो, "नको." ती बराच वेळ डोळे पुसत बसली. दोघांपैकी कोण नको, ते तिनं स्वतःच ठरवलं असावं.

मला सांगायचं होतं, की हे मी बोलत नाही. पण ते सांगायलाही माझ्याकडे आप्पांचीच वाक्यं होती. आणि खरं म्हणजे, मी बोलत नाही, तर मग कोण बोलतंय, हे मलाही ठाऊक नव्हतं. माझ्या पोटात काहीतरी वाढत होतं. दिवसभर ते काचेला आतून रेटायचं.

दहावीचा निकाल लागला. तेजस्विनीला चांगले गुण मिळाले. जुन्नरच्या वसतिगृहात जागा होती, हो किंवा नाही कळवायचं होतं. रखमाजी आले, घोंगडीवर बसले.

"पोरीला लांब धाडायची, तर त्याला इचारलेलं बरं."

साळुबाईंनी फळीपुढे हात जोडले. "तेजू जुन्नरला जाऊ म्हणतीय. धाडू का?"

माझ्या पोटातलं ते हललं.

"नको," आप्पांचा आवाज म्हणाला.

"झालं," रखमाजी म्हणाले. "आगं, मला तर घाटावरच कळलं व्हतं. शिक्षणाचं बोललो तवा आला का कावळा? न्हाई आला."

तेजस्विनी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिचे ओठ हलले, आवाज आला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई रानात गेल्यावर ती माझ्यासमोर येऊन बसली. मला वाटलं रडेल. ती रडली नाही. नुसती बघत राहिली. मी मधेच "दार लाव" म्हणालो, तिनं मान वाकडी केली. मग "नको" म्हणालो. मग "जेवाया बसा." तिनं माझ्या काचेवरचे चौकोन पाहिले. ही तिन्ही वाक्यं सगळ्यांत खालच्या ओळीत होती. वरच्या ओळींतलं एकही वाक्य आप्पा गेल्यापासून आपोआप उमटलं नव्हतं. तिनं मला पाठीवर उताणं जमिनीवर ठेवलं. मी डुगडुगलो. माझी पाठ फुगली होती. आतली बॅटरी सुजून खालच्या बाजूनं काचेला दाबत होती, आणि त्या दाबानं खालचे चौकोन बोट ठेवल्यासारखे आपोआप दाबले जात होते.

तिनं चौकोन हलवण्याची जागा उघडली. तिनंच मला तसं बनवलं होतं, तिला काहीही करता येत होतं. 'नको' तिनं वर नेलं. 'हो' खाली कोपऱ्यात आणून ठेवलं. काही क्षणांनी आप्पा म्हणाले, "हो." पुन्हा, "हो." ती ताठ बसून ऐकत होती. तिच्या अंगावर काटा आलेला मला माझ्या कॅमेऱ्यातून दिसला. बापाच्या तोंडून हवं ते वदवता येत होतं.

मग तिनं सगळं होतं तसं परत ठेवलं.

आई आल्यावर तिनं मला मांडीवर घेतलं. "आई, बस जरा. बघ."

"त्यांना खाली कशाला काढलं?"

"बघ तर." तिनं आईच्या डोळ्यांदेखत 'हो' खाली ओढलं. दोघी वाट बघत राहिल्या.

"हो," आवाज आला.

साळुबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आता आप्पा हो म्हणत्यात," तेजस्विनी म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण मोठा होता. तिचा एवढा मोठा आवाज मी त्या घरात पहिल्यांदा ऐकला. "मग जाऊ मी? सांग ना. आई, मला यांचं हो नको. तुझं पायजे."

बाहेर भाताच्या खाचरांवर धुकं उतरत होतं.

"ते 'नको'," साळुबाई हळू म्हणाल्या, "माझंच व्हतं गं. आयतं त्यांच्या तोंडातनं आलं, म्हणून बरं वाटलं. तू गेल्यावर या घरात म्या कुणाशी बोलायचं? भिताडाशी?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ते एकटं बोलाया लागलं की मला भ्या वाटतं. न्हाई बोललं तर जास्त वाटतं."

तेजस्विनीनं आईचा हात धरला.

"जा," साळुबाई म्हणाल्या. "रखमाजी भावजींना मी सांगते काय सांगायचं ते."

ती गेली. जाण्याआधी आप्पांची सगळी वाक्यं तिनं स्वतःच्या नव्या मोबाइलमध्ये उतरवून घेतली. चार्जर काढून ठेवला आणि आईला बजावलं, "पुन्हा लावू नको, पेट घेईल. रुपेशभाऊ येऊन घेऊन जातील." माझ्या जुन्या जातीची बॅटरी आता मिळत नाही, असं रुपेश फोनवर म्हणाला होता.

आता मी फळीवर आहे. चार्ज संपत आलाय. आज रुपेश यायचा आहे. जे लोक मला उचलतील त्यांना एवढंच सांगणं आहे, की मला हळू धरा, दाबू नका. आणि तुम्ही कधी माझ्यासारखं काही निवडायला गेलात, तर कुलूप कुणाच्या हातात राहणार हे आधी विचारा. आप्पांनी विचारलं, म्हणून दूरच्या कुणाला मला गप्प करता आलं नाही. ते घरच्यांनाच करावं लागलं. ते अवघड असतं, हेही सांगून ठेवतो.

साळुबाई चहाचा कप घेऊन फळीसमोर बसल्यात. खालच्या ओळीत आता एकही चौकोन नाही, तेजस्विनीनं ती रिकामी करून ठेवली आहे. माझी काच काळी होत चाललीय. बाहेर रुपेशची मोटारसायकल वाजली.

तेवढ्यात माझ्यातून आवाज आला. ज्याला कुठलाच चौकोन नाही, ज्यावर कुणालाही कधी बोट ठेवता आलं नसतं, ते वाक्य.

"अजून काय ऱ्हायलं का गं?"

साळुबाई दचकल्या नाहीत. त्यांनी कप खाली ठेवला, पदर सारखा केला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "काय न्हाई ऱ्हायलं. जावा आता तुमी."