पारख्याचा गडू

गडू म्हटला की तुम्हाला देवापुढचा गडू आठवत असेल, फुलांचा, तुळशीच्या पानांचा. मी तसला नाही, मित्रांनो. मी एक जुना पितळी गडू आहे आणि माझ्या पाण्याने आयुष्यभर नुसत्या चुळाच भरल्या गेल्या. भंडाऱ्याच्या एका कासाराने मला ठोकून ठोकून घडवले, काठ बाहेर वळवला आणि उन्हात धरून तो म्हणाला, "वा! पोरगं देखणं झालं." तेवढी स्तुती घेऊन मी तुमसरजवळच्या एका बीडी कारखान्यात आलो. वाटले, उन्हातून आलेली माणसे माझ्यातले गार पाणी पितील. कसले काय!

कारखान्यात गोपीचंदभाऊ होते. ते बीडीचे पारखी. बाया घरी तेंदूच्या पानात तंबाखू भरून बीड्या वळायच्या, त्यांचे कट्टे बांधून आणायच्या आणि प्रत्येकीच्या टोपलीतली एखादी बीडी भाऊ ओढून पाहायचे. आधी ती कानाजवळ धरून बोटांनी हलकेच दाबायची. मग नाकाखाली फिरवायची. मग पेटवायची. धूर गिळायचा नाही, जिभेवर घोळवून सोडून द्यायचा. राख पांढरी पडली आणि बीडी मधेच विझली नाही, तर माल चांगला. दर बीडीनंतर माझ्यातल्या पाण्याने चूळ. तोंड कोरे झाल्याशिवाय दुसरी बीडी पेटवायची नाही, हा त्यांचा नेम होता.

सेठ आल्यागेल्याला सांगायचे, "आमच्या गोपीचंदची जीभ म्हणजे तराजू हाय!" भाऊंनी "छाट" म्हटले की तो माल बाद. कट्टा तिथेच मोडून टाकायचे, बाईची मेहनत मातीत. त्या जिभेवर भाऊंचे घर चालत होते आणि त्यांचा ताठाही. मला दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून ते मला रोज पिशवीत घालून घरी न्यायचे. तिथे त्यांची बायको रेवताबाई मला चिंच आणि राखेने घासायची. ती वेळ मला फार आवडायची.

मग एकदा चूळ भरताना भाऊंनी डोळे घट्ट मिटले. पाणी गारच होते, पण त्यांना ते झोंबले. पुढे पुढे त्यांचे ओठ माझ्या काठावर पूर्वीसारखे बसेनात. तोंड पुरते उघडतच नव्हते. टाकलेल्या चुळेत कधी कधी लाल धागा दिसायचा. भाऊंनाही तो दिसला. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि पायाने त्यावर माती ओढली. जीभ बिघडली हे कळले तर पारखी कसला उरला? ही एकच भीती त्यांना खात होती.

त्याच दिवसांत कारखान्याचा माल कडू लागू लागला. म्हणजे भाऊंना लागू लागला. मनकर्णाबाई ही तिथली सगळ्यात जुनी कारागीर. तिचा माल कधी म्हणून छाटीत गेला नव्हता. आता रोज जाऊ लागला. शेवटी तिला राहवले नाही.

"काहून जी भाऊ? तंबाखू कारखान्याचा, तेंदूचा पत्ता कारखान्याचा. माह्या हातानं कडू झाला का?"

"मी म्हणतो ना कडू हाय म्हणून!"

मनकर्णाबाईने आपल्याच टोपलीतली बीडी उचलली आणि सगळ्यांसमोर पेटवली. म्हाताऱ्या बाया घरामागे बसून ओढतात, त्याचे कुणाला नवल नाही. पण कारखान्यात, पारख्याच्या तोंडासमोर? तिने झुरका घेतला, धूर सोडला.

"अस्सल माल हाय. तुमचंच तोंड दाखवा कोणाले तरी!"

बाया फिदीफिदी हसल्या. भाऊंचा चेहरा काळाठिक्कर पडला. ते तडक सेठकडे गेले. "आता ही राहीन नाही तं मी राहीन." सेठने जीभ ठेवली, हात काढून टाकले. मनकर्णाबाईचे काम बंद झाले. काय संताप आला मला! अहो, बाई रागाने बोलली, पण खरे बोलली होती.

दिवाळी झाली, गावजत्रेची मंडई झाली, नवे धान घरात आले. रेवताबाईने नव्या तांदळाची खीर केली. भाऊंनी पहिलाच घास घेतला आणि वाटी सरकवली.

"कडू काहून केली?"

"नवा तांदूळ, नवा गूळ, कडू कायची होईन जी?" रेवताबाईच्या डोळ्यांत पाणी आले.

त्यांच्या मुलीने, ज्योत्स्नाने, खीर चाखली. उठली, मोबाईलचा उजेड लावला आणि बापासमोर येऊन बसली.

"बाबा, आ करा."

"कायले?"

"करा म्हणते ना!"

जेमतेम बोटभर तोंड उघडले. आत गालाला पांढरा चट्टा होता आणि जिभेच्या कडेला जखम. ज्योत्स्नाने दुसऱ्याच दिवशी त्यांना गाडीत बसवले. नागपूरच्या दवाखान्यात भाऊंची अर्धी जीभ काढली. डॉक्टर म्हणाले, फार उशीर केला.

एक दिवस मनकर्णाबाई भेटायला आली. दारातच थबकली. भाऊंना बोलता येत नव्हते. त्यांनी तिच्यापुढे दोन्ही हात जोडले.

"असं नोका करू जी भाऊ," ती रडू लागली. "मी रागानं बोलली होती. खरं व्हावं म्हणून नव्हती बोलली."

तिने मला उचलले आणि थेंब थेंब पाणी भाऊंच्या तोंडात सोडले. बरेचसे हनुवटीवरून ओघळले. ते तिने पदराने पुसले.

पुढची धानाची रोवणी भाऊंनी पाहिली नाही. तेरावा होताच कारखान्याचा माणूस आला, थोडे हळहळला आणि म्हणाला, "तो गडू कारखान्याचा हाय, वहिनी." रेवताबाईने मला चिंच-राखेने घासले, खूप वेळ घासले आणि त्याच्या हातात दिले. मनकर्णाबाईला मात्र कुणी परत बोलावले नाही.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू शेवटी सांगतो, आम्हाला जपा. मला नका जपू. खुशाल भंगारात घाला, वितळवा, माझी बैलाच्या गळ्यातली घंटा करा. जपायचे ते माणसाला. घरात कुणाला गोड कडू लागले, साधे पाणी झोंबले, तर रुसू नका, वाद घालू नका. समोर बसा आणि म्हणा, "आ करा." मला ते म्हणता येत नाही, तुम्हाला येते.

आता भाऊंच्या जागी योगेंद्र बसतो. तरणा आहे, लग्न नुकतेच झाले आहे. काल त्याने एका बाईची बीडी ओढली, मला तोंडाला लावले आणि चूळ भरताना डोळे घट्ट मिटले. मग तिची टोपली मागे सरकवली.

"कडू हाय," तो म्हणाला. "छाट."