निशाणाचे वीस टक्के

"नऊशे," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

पडद्यावरच्या तिच्या घणवालीने घण उगारून दगडी राक्षसाच्या छातीत हाणला. राक्षसाच्या डोक्यावरून पांढरा आकडा तरंगत वर गेला. सातशे.

हेडफोनमधून दादा खदखदून हसला. "काय गं तराजूबाई, काटा हलला वाटतं तुझा? कालपण चुकलीस."

"चुकले असेन."

"एवढ्यात बाबांवर जाऊ नकोस हं. तो मान थोरल्याचा आहे."

तो गमतीनं म्हणाला. तिनं मात्र मनातल्या मनात सगळा हिशेब पुन्हा मांडला.

दादा तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, दुसऱ्या गावी राहणारा. सहा वर्षांपूर्वी बाबा गेले आणि भावाबहिणीचं फोनवरचं बोलणं आटत चाललं, तेव्हा त्यानंच हा खेळ तिच्या गळ्यात मारला. ती औषधाच्या दुकानात कामाला. दुकान दुपारी दोन ते चार बंद असायचं. त्या दोन तासांत दोघं त्या खोट्या रानात भेटायची. दादानं राक्षसाच्या छातीवर लाल निशाण लावायचं, तिनं घाव घालायचा. आणि घावाआधी डॅमेजचा, म्हणजे घाव किती लागणार त्याचा, आकडा तोंडानं सांगायचा, हा तिचा हट्ट. हत्याराचं बळ चारशे. घणाघाताला त्याची अडीच पट, म्हणजे हजार. दादाच्या निशाणानं वीस टक्के चढले की बाराशे. त्यातून राक्षसाच्या चिलखताचे तीनशे वजा. नऊशे.

सहा वर्षं तिच्या ओठातून आकडा निघावा आणि पडद्यावर उमलावा, असं चाललं होतं.

हट्टाला कारण होतं. बाबा शिंपी. सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे आधी आकडे गेले, मग माणसं. टेप हातात धरून ते गिऱ्हाइकाच्या खांद्याशी नुसते उभे राहायचे. तिला आता पंचावन्न. रोजचा हा आकडा म्हणजे तिनं स्वतःची नाडी बघणं होतं. काल आठशे म्हणाली, सहाशे आले. आज नऊशेचे सातशे. नाडी चुकत होती.

चार वाजता दुकान उघडलं. एक बाई तापलेलं बाळ खांद्यावर टाकून आली. चिठ्ठीवर औषध एकशेवीस मिलिग्रॅम, बाटलीवर लिहिलेलं पाच मिलिलिटरात दोनशे चाळीस. म्हणजे अडीच मिलिलिटर. डोळे मिटून सांगावं असं गणित. तिनं ते कागदावर मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. बाळ कण्हत होतं.

"मालक, अडीचच ना?"

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मला विचारताय. अडीचच."

बाई गेल्यावर ती म्हणाली, "माझ्या जागी कुणीतरी बघा. या महिन्यानंतर मी नाही यायची."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"तेच बघतेय," ती म्हणाली. मालकांना तो विनोद वाटला.

तिसऱ्या दिवशी तिनं घण ठेवून भाला घेतला. भाल्याला तिप्पट. बाराशे, वीस टक्के चढून चौदाशे चाळीस, या राक्षसाच्या चिलखताचे चारशे वजा.

"एक हजार चाळीस."

आठशे आले.

या वेळी दादा हसला नाही. "बरी आहेस ना गं?" त्यानं हळूच विचारलं. तिनं नेटचं निमित्त केलं आणि खेळ बंद केला.

मग गोळ्यांचं रिकामं खोकं फाडून त्याच्या पाठीवर तिनं हरवलेले आकडे लिहिले. दोनशे. दोनशे. दोनशे चाळीस. बराच वेळ ती बघत राहिली. बाबांच्या चुका अशा नव्हत्या. त्यांची बाही एकदा वीतभर आखूड व्हायची, एकदा वीतभर लांब. या चुका मात्र शाळेतल्या मुलांसारख्या ओळीत उभ्या होत्या. हजारातले दोनशे, बाराशेतले दोनशे चाळीस. दोन्हीकडे पाचवा हिस्सा. वीस टक्के.

ती चुकत नव्हती. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. तिनं घटाघटा पाणी प्यायलं. अर्धा तांब्या संपला, तेव्हा तिच्या लक्षात आलं ते वीस टक्के कुणाचे होते.

निशाण लागलंय का, हे तिनं कधी बघितलंच नव्हतं. पाठीशी भाऊ आहे का, हे कुणी मागं वळून बघतं?

शनिवारी तिनं बघितलं. हाती पुन्हा घण होता, समोर तोच दगडी राक्षस आला. करडी, कोरी छाती.

"दादा, निशाण?"

"लावलं की! आत्ता नाही का लावलं? मार."

केवढा ठाम आवाज. "घेतलं की माप," असंच म्हणायचे बाबा, टेप गळ्यातच असताना.

तिनं माइक मुठीत घट्ट धरला. मग वीस टक्के सोडून दिले.

"सातशे."

घण पडला. सातशे.

"आला! आला की नाही?" दादा ओरडलाच. "घाबरवलंस बघ. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. म्हटलं, हिचंही आता..."

"नाही रे. माझं ठीक आहे."

"मग झालं तर."

"उद्या रविवार. येऊ का तिकडं?"

"ये की! विचारतेस काय? काही काम काढलंस?"

"वहिनीशी बोलायचंय जरा. आणि तुला बघून कितीतरी दिवस झाले."

"बघायला काय, होतो तस्साच आहे मी." तो हसला. "पुढचा आला बघ. थांब हं, आधी निशाण लावतो."

"लाव," ती म्हणाली. "थांबते मी."

राक्षस पाय आपटत जवळ आला. त्याचा पहिला फटका घणवालीनं खाल्ला, दुसराही खाल्ला. घण उगारलेलाच होता. त्या कोऱ्या छातीकडे बघत ती थांबून राहिली.