सात ओळींत बाबा

ढमी, माझी तान्ही लेक, दुपारी झोपते ती चाळीस मिनिटं. तेवढ्यात भांडी घासावीत, पाठ टेकावी की धाकटीचा अर्ज लिहावा, हे रोज ठरवावं लागतं. आणि रोज अर्जच जिंकतो, कारण भांडी कुठे पळून जात नाहीत, कॉलेजची तारीख मात्र पळत येते.

धाकटी म्हणजे माझी बहीण, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज तिची अर्धी फी माफ करतं. पण ही अर्धी माफी ठरली ती बाबांच्या गेल्या वर्षीच्या पगारावर, आणि गेल्या वर्षी बाबा बस चालवत होते. ढमी झाली त्याच महिन्यात डोळ्यांमुळे त्यांना स्टिअरिंगवरून उठवलं. आता ते त्याच डेपोत बस धुतात. भत्ते गेले, पगार निम्म्यावर आला. उरलेली फी आता कुणाच्याच आवाक्यात नव्हती. माफी वाढवून मिळाली तर धाकटी कॉलेजात राहणार, नाहीतर नाव काढायचं. इतकं ते सरळ होतं.

तसंच नाव पूर्वी माझं काढलं होतं, दुसऱ्याच वर्षाला. तेव्हा घरात आईचं ऑपरेशन होतं. अर्ज करता येतो हे कुणाला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त ढमीला मांडीवर घेऊन एका हाताने लिहिताना पेन जरा जास्त दाबलं जायचं, एवढंच.

फॉर्मवर एक रकाना होता: ‘परिस्थितीतील बदल थोडक्यात लिहा.’ सात ओळी. पहिला मसुदा ढमीने चघळला. दुसरा मी बाबांना वाचून दाखवला.

“डोळे वगैरे नको लिहूस,” बाबा म्हणाले.

“मग काय लिहू?”

“खात्यांतर्गत बदली.”

“बाबा, त्यावरून त्यांना काय कळणार?”

“कळायचं तेवढं कळेल. तू लिही.”

बाबांचा स्वभाव मला ठाऊक होता. ते अजूनही सकाळी ड्रायव्हरचा गणवेश घालून, बिल्ला लावून घराबाहेर पडत आणि डेपोत गेल्यावर कपडे बदलत. जिन्यात कुणी विचारलं, “काय, निघाली का गाडी?” तर म्हणत, “निघाली.” संध्याकाळी बूट ओले घेऊन येत. आई ते खिडकीत वाळत ठेवायची आणि डोळ्यांच्या डॉक्टरच्या नावाने बोटं मोडायची. “त्या मेल्याचं काय घोडं मारलं होतं आपण? दोन वर्षं राहिली होती निवृत्तीला. जरा कानाडोळा केला असता तर?”

“आई, डोळ्यांच्या डॉक्टरने कानाडोळा करायचा?” धाकटी म्हणायची, आणि आई तिच्यावर उलटायची.

तर मी ‘खात्यांतर्गत बदली’ लिहिलं. पंधरा दिवसांनी कॉलेजातून उत्तर आलं की अर्जावरून काही बोध होत नाही, चौकशीसाठी आमच्या बाई घरी येतील.

झालं. आईने घर डोक्यावर घेतलं.

मी ढमीला काखोटीला मारून माहेरी पोचले तेव्हा आमच्या खुर्च्यांवर शेजारच्या टेलरकाकूंची भरतकामाची कव्हरं होती, टेबलावर त्यांचेच सोनेरी काठाचे सहा कप, आणि एक फुलदाणी, तीही त्यांचीच. भिंतीवरच्या ओलीचा डाग झाकायला काकूंच्या दुकानातला उंच आरसा आणून टेकवला होता. त्यात आमची खोली दुप्पट मोठी दिसत होती.

“आई, हे काय?”

“पाहुणी येतेय. घर काय उकिरडा दाखवू?”

“ती पाहुणी नाही गं. आपल्याला गरज आहे का, ते बघायला येतेय.”

“गरज असली म्हणून माणसाने गबाळं राहायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची.”

“अगं, ती मूठ उघडायलाच येतेय ना!”

तेवढ्यात आतून बाबा आले. इस्त्रीचा गणवेश, छातीवर बिल्ला, भांग पाडलेला. धाकटीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट कळलं, कारण तो चेहरा मी एकदा स्वतः घातलेला आहे.

चौकशीच्या बाई साठीला टेकलेल्या होत्या. तीन जिने चढून आल्या आणि दारातच चौकट धरून उभ्या राहिल्या.

“लिफ्ट नाही का हो?”

“आहे की,” आई म्हणाली. “पण तिचं आणि आमचं पटत नाही.”

बाई हसल्या आणि गुडघा दाबत बसल्या. चहा आला, सोनेरी काठाच्या कपात. त्यांनी कप पाहिला, कव्हरं पाहिली, आरशात स्वतःलाही पाहिलं. मग फाइल उघडली.

“ड्यूटीवर निघालात वाटतं, ड्रायव्हरसाहेब?”

“हो. दुपारची पाळी.”

“म्हणजे अजून गाडीवर आहात?”

आईने पदराचं टोक धरलं.

“आहे,” बाबा म्हणाले.

“मग ही बदली कसली?”

“खात्यांतर्गत.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या रागावल्या नव्हत्या, थकल्या होत्या. आमच्यासारखी किती घरं त्या दिवशी त्यांनी चढली असतील कोण जाणे. “साहेब, बदल्या सगळ्यांच्याच होतात. बदल दिसला पाहिजे मला. नाहीतर मी काय लिहू?” त्यांनी एकदा खोलीभर नजर फिरवली. “घर छान ठेवलंय हं.”

इतकं वाईट कौतुक मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

ड्रायव्हरच्या गणवेशातल्या माणसाला त्याच्याच घरात, परक्या बाईसमोर खोटं कसं पाडायचं? आणि नाही पाडलं तर धाकटीचं काय? तेवढ्यात ढमी रडायला लागली. बाबांनी सवयीने हात पुढे केले, मी तिला त्यांच्याकडे दिलं.

त्यांनी तिला समोर धरलं आणि नेहमीसारखी मान वाकडी केली. आधी उजवीकडे, मग डावीकडे, कोंबडा दाण्याकडे बघतो तशी. ढमी रडायची थांबली. तिला हे फार आवडतं.

“असं तिरकं काय बघता हो नातीकडे? रुसलात का तिच्यावर?” बाई म्हणाल्या.

“तो त्यांचा खेळ आहे,” मी म्हटलं. “ती झाल्यापासून खेळतात. आम्ही त्यांना तिरके आजोबाच म्हणतो.”

“खेळ नाही,” बाबा म्हणाले.

ते ढमीकडेच बघत होते, मान वाकडी करून.

“सरळ बघितलं की मधे राखाडी दिसतं. पुसल्यासारखं. कडेने बघितलं की दिसतं, पण एका वेळी थोडंच. आता हिचा कान दिसतोय. असं केलं की गाल दिसतो. हिचं अख्खं तोंड मी अजून बघितलेलं नाही.”

पाच महिने मी त्यांच्यासमोर हसत होते. टाळ्या वाजवत होते.

“तुम्ही तिथे बसलात, बाई,” बाबा पुढे म्हणाले, “मला तुमचा आवाज आहे आणि खांदे आहेत. बस.”

“अहो, मग हे अर्जात का नाही?”

“कारण डॉक्टरने मला उठवलेलं नाही.” आता त्यांचा आवाज खाली गेला. “मीच उठलो. थांब्यावर एक बाई उभी होती. मला नुसती बाई दिसली. दार उघडल्यावर दिसलं की तिच्या खांद्यावर बाळ होतं. एवढंच. काही झालं नाही, लागलं नाही कुणाला. पण मी गाडी तिथेच लावली. दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत लोकांबरोबर फुटपाथवर उभा राहिलो, शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी किल्ली ठेवली साहेबाच्या टेबलावर. डॉक्टरची तपासणी नंतर झाली. मला वाटलं, आपणहून काम सोडलं म्हटल्यावर कॉलेज म्हणेल, तुम्हीच सोडलंत, आता तुम्हीच भरा. माझ्यापायी पोरीचं...”

धाकटी उठून त्यांच्या खुर्चीच्या हातावर जाऊन बसली, लहानपणी बसायची तशी.

“पाच महिने,” आई म्हणाली, “पाच महिने त्या डॉक्टरला शिव्या घालतेय मी. गरीब बिचारा. आणि तुम्ही ऐकून घेताय?”

“तुझा हात कोण धरणार?”

“तोंड,” धाकटी म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी फाइलमधून आमचा अर्ज काढला आणि उलटा करून माझ्यासमोर ठेवला. “ही मागची बाजू कोरी असते. आजवर कुणी वापरलेली मी पाहिली नाही. सगळे सात ओळींत मरतात. इथे लिहा, हे आत्ता बोलले ते. डॉक्टरांचा कागद आहे ना? त्याची प्रत जोडा. मी थांबते. हे जिने माझ्याच्याने पुन्हा चढवणार नाहीत.”

“पण आपणहून सोडलं, ते चालेल?” धाकटीने विचारलं.

“ठरवणारे वर बसलेत, बाळ. मी शिफारस लिहीन. पण मीही रोज बसने जाते, तेही लिहीन.”

मी लिहायला बसले. ढमी बाबांच्या मांडीवर होती, त्यामुळे कितीतरी महिन्यांनी दोन्ही हात मोकळे होते. कागद दाबायला एक आणि लिहायला एक. बाबा सांगत होते, मी लिहीत होते. ‘बावीस वर्षांच्या नोकरीत’ असं लिहून वाचून दाखवलं तर म्हणाले, “तेवीस. आणि एकही अपघात नाही, ते लिही.” मी लिहिलं. ‘धुलाई विभागात’ लिहिताना त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, “लिही, लिही. धुतोच आहे.” सहीच्या वेळी मी त्यांचं बोट ओळीवर नेऊन ठेवलं. त्यांनी माझा हात धरून नेऊ दिलं. माझ्या लग्नातही त्यांनी माझा हात एवढा घट्ट धरला नव्हता.

बाई निघताना आरशाजवळ थांबल्या. “हा आरसा तुमचा नाही ना?”

“टेलरकाकूंचा,” आई म्हणाली. आता लपवायला उरलं काय होतं?

“मला वाटलंच. घरच्या आरशात कुणी इतकं बारीक दिसत नाही.”

तीन आठवडे काही आलं नाही. ते तीन आठवडे मी सांगत बसत नाही. ढमीला दात येत होते, नवऱ्याची रात्रपाळी होती, आणि धाकटीने मैत्रिणींची पुस्तकं त्यांनी न मागताच परत द्यायला सुरुवात केली होती. मग पत्र आलं. या वर्षाची उरलेली फी माफ. पुढच्या वर्षी नव्याने अर्ज करावा, कागदपत्रं पुन्हा जोडावीत. धाकटीने पत्र तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. आईने टेलरकाकूंचे कप परत केले, पाच. सहाव्याचा कान तुटला होता. त्यावरून दोघींचं आठवडाभर बोलणं नव्हतं.

बाबा आता घरूनच रबरी बूट घालून निघतात. जिन्यात आवाज होतो त्यांचा, पचक पचक. परवा कुणीतरी विचारलं, “काय, निघाली का गाडी?” बाबा म्हणाले, “निघाली. मी धुऊन दिली म्हणून.”

पुढच्या वर्षीचा फॉर्म मी आणून ठेवलाय. रकाना तोच आहे, ओळी सातच. ढमी उठली की लिहिणं बंद होईल, आणि ती आता उठतेच आहे. बाबा आले की मी तिला त्यांच्यासमोर धरते आणि हळूहळू फिरवते. आधी एक कान, मग गाल, नाकाची बाजू, हनुवटी, मग दुसरा कान. ते मान हलवत नाहीत. मीच हिला फिरवते. ढमी वैतागते, लाथा झाडते. “थांब गं,” बाबा तिला म्हणतात, “अजून डावी बाजू राहिली.”