भंगारवाला दोर आणायला गेला तेव्हा

मित्रांनो, मी चामडे शिवणारी एक जुनी मशीन आहे. कापड शिवणाऱ्या माझ्या बहिणी सडपातळ असतात. मी मात्र बिडाची, अंगाने दणकट. मला हलवायचे म्हणजे दोन माणसे लागतात, आणि त्याचा मला कोण अभिमान!

माझे मालक, म्हणजे भाऊ, यांनी मला घरी आणले तेव्हा त्यांचे नुकतेच लग्न झाले होते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी मला जागा मिळाली. वहिनी रापीने चामड्याची कड तासून पातळ करीत, भाऊ पायडल मारीत आणि माझी सुई जाड चामड्यातून टकाटक आरपार जाई. दप्तरे, बॅगा, कमरेचे पट्टे, काय काय शिवले आम्ही! दुकानदार शिवण ओढून पाहत आणि म्हणत, "भाऊ, तुमची शिवण उसवायची म्हटली तरी उसवत नाही." मी आतल्या आत फुलून जात असे.

पुढे बाजारात नकली चामड्याच्या स्वस्त बॅगा आल्या. दुकानदार आमच्याकडे फिरकेनासे झाले. भाऊंनी एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी धरली. माझ्यावर चादर पडली आणि चादरीवर बटाट्यांची टोपली. चाकाला गंज चढला. भाऊ माझ्याकडे पाहायचे टाळत. ते मला गंजापेक्षा जास्त लागे.

शेवटी एके सकाळी भंगारवाला आला. एकट्याने मला उचलायला गेला, पण मी कसली हलते! "दोर आणि एक माणूस घेऊन येतो," असे म्हणून तो निघून गेला.

तेवढ्यात शेजारचे ड्रायव्हरकाका कुबडीवर दारात आले. अपघातात त्यांचा एक पाय गेला होता. लाकडी पाय त्यांनी पिशवीत घालून आणला होता. तो मांडीला बांधायचा पट्टाच तुटला होता.

"दवाखान्यात नवीन पट्ट्याला वेळ लागेल म्हणाले," काका म्हणाले. "तोवर घरात बसून भिंती किती बघू? शिवून देता का, भाऊ?"

"मशीन विकली, काका. माणूस दोर आणायला गेलाय."

"गेलाय ना? अजून आला तर नाही," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी बटाट्यांची टोपली उचलून खाली ठेवली.

भाऊंनी चादर काढली, तेल सोडले. चाक आधी हलेना, मग करकरले, मग फिरले. वहिनींनी माळ्यावरून चामड्याचा एक तुकडा काढून त्याची कड तासली. पहिला टाका सुटला. दुसराही सुटला. भाऊंनी दोरा पुन्हा ओवला आणि हळूच म्हणाले, "चल गं बाई." आणि मी चालले, मित्रांनो! टाक्याला टाका लागून पट्टा तयार झाला.

काका गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. "घट्ट बसलाय," एवढेच म्हणाले. भाऊंनी सुटकेचा मोठा सुस्कारा सोडला.

भंगारवाला माणूस घेऊन आला तेव्हा भाऊ म्हणाले, "राहू दे रे. तुला उगाच खेप पडली. चहा घेऊन जा."

"मघाशीच सांगितलं असतंत तर दोर उसना आणावा लागला नसता," तो म्हणाला. पण चहा मात्र दोघेही घेऊन गेले.

काकांचा पट्टा पाहून दवाखान्यातल्या कृत्रिम पायांच्या विभागातली बाई आमच्या घरी आली आणि तिने तसे काही पट्टे शिवायला सांगितले. पहिले पट्टे तिने परत पाठवले, कारण बक्कल मांडीला टोचत होते. वहिनींनी बक्कलाखाली मऊ चामडे लावले. मग काम मिळाले आणि टिकले. भाऊंनी पहारा सोडला. आता सकाळी माझ्यावर वहिनी बसतात, दुपारी भाऊ. धंदा सोडलेला त्यांचा एक मित्रही पुन्हा कामाला येऊ लागला आहे.

मित्रांनो, तुमच्या दप्तराचा बंद तुटला तर ते लगेच फेकू नका. गल्लीत शिवणारे कोणी आहे का, ते आधी पाहा. माझ्यासारखीला थेंबभर तेल पुरते. माझ्या माणसांना मात्र काम लागते.